चिकुनगुनियाच्या विषाणूचे वेळापत्रक

रोगाचे नाव एकीकडे आणि त्याचे कारण दुसरीकडे असले की गैरसमज पसरण्यास वेळ लागत नाही. २००६ साली महाराष्ट्रातील गावागावांत ताप आणि सांधेदुखीची साथ आली, तेव्हा ‘चिकुनगुनिया’ हा शब्द बहुतेकांनी प्रथमच ऐकला. नावाचा पहिला भाग ऐकून हा रोग कोंबडी खाल्ल्याने होतो, असे अनेकांनी ठरवून टाकले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्यामुळे या समजुतीला आयतेच बळ मिळाले. कोणी कोंबडी वर्ज्य केली, कोणी अंगारा लावला, कोणी उसने पैसे काढून सलाइनच्या बाटल्या लावून घेतल्या. घराच्या दारातील पाण्याच्या पिंपात वाढणारा डास मात्र निर्धास्त राहिला.

प्रस्तुत लेखात या रोगाच्या विषाणूच्या अंतरंगात थोडे शिरावयाचे आहे. डोळ्यांना न दिसणारा, स्वतः अन्न न घेणारा, स्वतः हालचाल न करणारा हा कण आपल्या पेशीत शिरल्यावर काही तासांत स्वतःच्या असंख्य नकला काढतो. त्या नकला काढणाऱ्या यंत्रणेवर नियंत्रण कोणाचे असते? ती केव्हा काय करावयाचे हे कशी ओळखते? इतिहासाचा अभ्यासक एखाद्या घटनेचा अर्थ लावण्यापूर्वी घटनांचा क्रम निश्चित करतो. प्रयोगशाळेतील संशोधकांनी विषाणूच्या पहिल्या काही तासांचा क्रम अशाच चिकाटीने लावला आहे. तो समजून घेण्यास शाळेत शिकलेले जीवशास्त्र पुरेसे आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी तो समजून घ्यावा असे वाटते, कारण ज्या गोष्टीचा क्रम कळतो ती कोठे तोडता येईल हेही कळू लागते.

नाव आणि इतिहास

१९५२-५३ मध्ये तत्कालीन टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या, दक्षिण भागातील माकोंडे पठारावर तापाची मोठी साथ आली. सांधे इतके दुखत की रुग्णाला ताठ उभे राहता येत नसे. माकोंडे लोकांच्या भाषेत शरीर वाकवून, मुरडून टाकणाऱ्या या आजाराला जो शब्द रूढ झाला तोच पुढे रोगाचे नाव बनला. मॅरियन रॉबिन्सन आणि लम्सडेन यांनी १९५५ साली या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. थोडक्यात, या नावाचा कोंबडीशी काडीइतकाही संबंध नाही.

भारतात हा विषाणू १९६३ साली कोलकात्याच्या साथीत ओळखला गेला. १९७३ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ देशात मोठी साथ नोंदली गेली नाही. २००५ च्या अखेरीस तो आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रात परतला आणि २००६ साली देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले की पूर्वीच्या साथींतील विषाणू आशियाई वंशाचा होता, तर २००५-०६ चा विषाणू पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेत आढळणाऱ्या वंशाचा होता. एकाच नावाचा शत्रू, पण दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेला.

एका धाग्यापुढील पेच

आपल्या पेशीतील आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये साठवलेली असते. तिची लागेल तेवढी प्रत आरएनएच्या रूपात काढली जाते आणि रायबोसोम नावाची यंत्रणा ती प्रत वाचून प्रथिने तयार करते. चिकुनगुनियाच्या विषाणूजवळ डीएनए नाहीच. त्याची संपूर्ण माहिती आरएनएच्या एकाच धाग्यावर, सुमारे ११,८०० अक्षरांत लिहिलेली असते. मानवाच्या डीएनएमधील माहिती सुमारे तीनशे कोटी अक्षरांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या विषाणूचे भांडवल किती तुटपुंजे आहे याची कल्पना येते.

हा धागा रायबोसोमला थेट वाचता येतो, म्हणून त्यास धन धागा म्हणतात. पेशीत शिरताच तो पेशीच्याच यंत्रणेकडून आपली प्रथिने करवून घेऊ शकतो. परंतु नकला काढण्याच्या बाबतीत त्याच्यापुढे मोठी अडचण असते. आरएनएवरून आरएनएची लांबलचक नक्कल काढणारे जे यंत्र विषाणूला हवे असते, ते आपल्या पेशीत तयार मिळत नाही. ते विषाणूला स्वतःच्या माहितीवरून घडवावे लागते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. आरएनएची नक्कल ही मूळ अक्षरांची तंतोतंत प्रत नसते. ती उलट अक्षरांची, साच्यासारखी असते. म्हणून धन धाग्यावरून प्रथम ऋण धागा तयार करावा लागतो आणि त्या ऋण धाग्यावरून पुन्हा नवे धन धागे काढावे लागतात. छापखान्यातील काम आठवावे. पुस्तक छापण्यापूर्वी प्लेट तयार करतात. थोड्या प्लेट आणि त्यांवरून हजारो प्रती, असा तो हिशेब असतो. जो छापखाना दिवसभर प्लेटच बनवीत बसेल त्याचे पुस्तक कधीच बाहेर पडणार नाही. आणि जो प्लेट न बनवता यंत्र सुरू करील त्याचे कागद कोरे निघतील. ऋण धागा ही विषाणूची प्लेट होय.

याखेरीज एकाच धाग्यावर दोन कामांची टक्कर होते. रायबोसोम धागा पहिल्या टोकाकडून वाचीत जातो, तर नक्कल काढणारे यंत्र शेवटच्या टोकाकडून सुरुवात करते. एकाच अरुंद रस्त्यावर समोरासमोरून दोन बैलगाड्या याव्यात तसा हा प्रकार. म्हणून कोणते काम केव्हा, किती वेळ आणि कोठे, हे ठरविणारी शिस्त विषाणूला अपरिहार्य ठरते. ही शिस्त त्याची स्वतःची प्रथिने लावतात.

चार प्रथिने, एक साखळी

धाग्याच्या पहिल्या दोन-तृतीयांश भागात नकला काढणाऱ्या यंत्रणेच्या चार प्रथिनांची माहिती असते. ही प्रथिने विषाणूच्या बाह्य शरीरात नसतात, म्हणून त्यांना असंरचनात्मक प्रथिने म्हणतात. संशोधक त्यांना एनएसपी-१, एनएसपी-२, एनएसपी-३ आणि एनएसपी-४ या संक्षिप्त नावांनी ओळखतात. आपणही तीच नावे वापरू.

एनएसपी-१ चे काम दुहेरी आहे. ते सगळ्या यंत्रणेला पेशीच्या पटलाशी घट्ट बांधून ठेवते आणि नव्या आरएनए धाग्याच्या टोकावर एक रासायनिक टोपी चढवते. ही टोपी असली की रायबोसोम तो धागा पेशीचाच समजून वाचतो. एनएसपी-२ च्या एका भागात गुंतलेले धागे उलगडण्याची शक्ती आहे, तर दुसऱ्या भागात कात्री आहे. ही कात्री प्रथिनांच्या साखळ्या ठराविक ठिकाणीच कापते. एनएसपी-३ पेशीतील अनेक प्रथिनांना पकडून यंत्रणेच्या कामास जुंपते. एनएसपी-४ हे प्रत्यक्ष नक्कल काढणारे विकर, म्हणजे एन्झाइम. अक्षरापुढे अक्षर जोडण्याचे काम तेच करते.

ही चार प्रथिने सुटी सुटी तयार होत नाहीत. रायबोसोम ती एकाच लांब साखळीत गुंफतो. चारही प्रथिने मिळून ही साखळी सुमारे २,४७० अमिनो आम्लांची भरते. बहुतेक वाणांत एनएसपी-३ च्या अगदी शेवटाजवळ ‘थांबा’ अशी खूण असते. रायबोसोम बहुतेक वेळा तेथे थांबतो आणि तीनच प्रथिनांची साखळी हाती येते. अधूनमधून मात्र तो ती खूण ओलांडून पुढे जातो, आणि तेव्हाच एनएसपी-४ असलेली पूर्ण साखळी तयार होते. नकला काढणारे मुख्य प्रथिन अशा रीतीने मुळातच मोजके ठेवले जाते. शिवाय यंत्रणेत न बसलेले सुटे एनएसपी-४ पेशी लवकर नष्ट करते, असे याच कुळातील सिंदबिस विषाणूच्या अभ्यासात दिसून आले आहे. नियंत्रणाची ही पहिली पायरी.

आधी जागा, मग काम

पेशीच्या आतील द्रवात मोकळेपणी नकला काढणे विषाणूला परवडणारे नसते. धन आणि ऋण धागे एकमेकांना चिकटले की दुहेरी आरएनए तयार होतो आणि असा लांब दुहेरी आरएनए निरोगी पेशीत सहसा आढळत नाही. तो दिसताच पेशीतील पहारेकरी प्रथिने धोक्याची सूचना देतात. म्हणून ही यंत्रणा पेशीच्या बाह्य पटलाला आतून चिकटते आणि पटलाचा एक सूक्ष्म फुगा बाहेरच्या बाजूस फुगवते. या फुग्याचा व्यास सुमारे ५० ते ६० नॅनोमीटर असतो. दुहेरी आरएनए फुग्याच्या आत दडलेला राहतो. फुग्याची मान अरुंद असते आणि ती पेशीच्या आतल्या बाजूस उघडते. तेथूनच तयार धागे बाहेर पडतात.

या मानेवर एनएसपी-१ च्या बारा प्रतींचे कडे बसलेले असते. २०२१ च्या सुमारास अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या तंत्राने या कड्याची रचना स्पष्ट दिसली. कड्याच्या मध्यभागी एनएसपी-४ आणि त्याला लागून एनएसपी-२ बसते, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. बाराजणांनी हात धरून रिंगण करावे आणि मध्ये एकाने काम करावे, तशी ही मांडणी. संख्येचे हे प्रमाण पाहिले म्हणजे एनएसपी-४ थोडे असले तरी विषाणूचे काम का अडत नाही, हे उमगते.

कात्री आणि तिचा क्रम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्र एकच, तर ते आधी ऋण धागा आणि नंतर धन धागे काढते कसे? उत्तर एनएसपी-२ च्या कात्रीत आहे. साखळीत तीन जोड आहेत: पहिला एनएसपी-१ व २ यांच्यामध्ये, दुसरा २ व ३ यांच्यामध्ये आणि तिसरा ३ व ४ यांच्यामध्ये. कात्री हे जोड एकदम कापत नाही. प्रत्येक कापानंतर यंत्राचा आकार बदलतो आणि आकाराबरोबर त्याचे कामही बदलते.

सर्वांत आधी तिसरा जोड कापला जातो. एनएसपी-४ मोकळे होते, पण उरलेली तीन प्रथिने अजून एकाच साखळीत असतात. या अवस्थेतील यंत्र ऋण धागा, म्हणजे प्लेट, तयार करते. नवे धन धागे काढण्याचे काम त्याला नीट जमत नाही.

त्यानंतर पहिला जोड कापला जातो. हा काप बहुधा साखळी स्वतःच्या आतच करते. शेजारच्या साखळीची मदत लागत नाही. आता एनएसपी-१ वेगळे झालेले असते, पण २ आणि ३ अजून जोडलेले असतात. ही मधली अवस्था अल्पायुषी असते. या अवस्थेतील यंत्र ऋण आणि धन दोन्ही प्रकारचे धागे काढू शकते.

शेवटी दुसरा जोड कापला जातो. एनएसपी-२ चे पुढचे टोक मोकळे झाल्याशिवाय हा काप होत नाही, म्हणून त्याचा क्रम आपोआप शेवटी लागतो. हा काप झाला की यंत्र पालटते. आता ते ऋण धागे बनवू शकत नाही. तयार असलेल्या ऋण धाग्यांवरून फक्त धन धागे काढत राहते. कापलेला जोड पुन्हा जुळत नाही, त्यामुळे हा बदल एकेरी असतो. प्लेट बनविणारा विभाग बंद होऊन छपाई सुरू होते.

आणखी एक बाब विलक्षण आहे. संसर्ग होऊन काही तास लोटले की पेशीत मोकळ्या एनएसपी-२ चा साठा वाढतो. त्यानंतर रायबोसोममधून जी नवी साखळी बाहेर येते तिचा दुसरा जोड या मोकळ्या कात्र्या आधीच कापून टाकतात. ऋण धागा बनविण्यासाठी जी अखंड तीन प्रथिनांची साखळी लागते, ती मग तयारच होत नाही. म्हणजे यंत्रणेचे स्वतःचे उत्पादनच तिच्या पहिल्या टप्प्याला पूर्णविराम देते. कोणी बाहेरून हुकूम देत नाही. साठा वाढणे हाच हुकूम.

हे कळले कसे?

या ज्ञानाचा बराचसा पाया चिकुनगुनियाच्या दोन चुलतभावांवर उभा आहे. एक सेमलिकी फॉरेस्ट विषाणू, जो १९४२ साली युगांडात डासांमध्ये सापडला. दुसरा सिंदबिस विषाणू, जो १९५२ साली इजिप्तमध्ये नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील सिंदबिस गावाजवळ डासांमध्ये आढळला. हे दोन्ही विषाणू प्रयोगशाळेत हाताळण्यास तुलनेने सोपे आहेत.

१९८० साली डोरोथिया आणि स्टॅनली सॉविकी या अमेरिकन संशोधकांनी सेमलिकी फॉरेस्ट विषाणूवर एक साधा पण अर्थपूर्ण प्रयोग प्रसिद्ध केला. संसर्ग झालेल्या पेशीत ऋण धाग्यांची निर्मिती पहिले तीन-चार तासच चालते, हे दिसत होते. त्यांनी त्याआधीच पेशीतील प्रथिननिर्मिती औषधाने थांबविली. तेव्हा ऋण धाग्यांची निर्मिती लवकरच बंद पडली, परंतु धन धाग्यांची निर्मिती चालू राहिली. याचा अर्थ, ऋण धागे बनविणारे यंत्र अल्पायुषी असते आणि त्यासाठी सतत नवी प्रथिने लागतात, तर धन धागे बनविणारे यंत्र टिकाऊ असते.

हे यंत्र नेमके कशामुळे पालटते, याचे उत्तर १९९४ साली मिळाले. सेंट लुइस येथे ज्युली लेम, चार्ल्स राइस व त्यांचे सहकारी आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत युकियो शिराको व जेम्स स्ट्रॉस यांनी सिंदबिस विषाणूच्या साखळीतील जोड असे बदलले की कात्रीला ते कापताच येऊ नयेत. मग कोणता जोड अखंड राहिल्यास कोणता धागा तयार होतो, हे त्यांनी तपासले. वर सांगितलेला क्रम अशा प्रयोगांतून सिद्ध झाला. याच चार्ल्स राइस यांना पुढे हिपॅटायटिस-सी विषाणूच्या संशोधनासाठी २०२० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

साधनांचा आधार घेऊन विधान करणे, ते पडताळून पाहण्याची वाट मोकळी ठेवणे आणि पुराव्याने नवे काही दाखविले तर जुने मत सोडून देणे, ही शिस्त इतिहासाला आणि विज्ञानाला सारखीच लागू आहे. अंगाऱ्याच्या दाव्याला अशी परीक्षा कधीच द्यावी लागत नाही. फरक आहे तो येथे.

वेळ चुकली तर?

कापण्याचा क्रम बिघडला तर काय होते? २००८ साली सिंदबिस विषाणूवर झालेल्या एका अभ्यासात दुसरा जोड कापला जाऊ नये अशी व्यवस्था करण्यात आली. ऋण धाग्यांची निर्मिती थांबेना. दुहेरी आरएनए वाढला आणि पेशींनी इंटरफेरॉन नावाचे बचावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणावर स्रवले. नेहमीच्या विषाणूने केलेल्या संसर्गात हा गजर इतका वाजत नाही.

यामागे आणखी एक कारण आहे. मोकळे झालेले एनएसपी-२ पेशीच्या केंद्रकात जाते आणि पेशीची स्वतःची आरएनए-निर्मिती बंद पाडते. डीएनएवरून आरएनए काढणाऱ्या मुख्य यंत्राचा एक महत्त्वाचा भागच ते नष्ट करविते. पेशीला मदतीची हाक मारायची असते, पण हाक मारण्यासाठी लागणारे संदेश तिला लिहिताच येत नाहीत. जे प्रथिन नकलांचे वेळापत्रक सांभाळते तेच शत्रूचा आवाजही दाबते. तुटपुंज्या भांडवलाच्या या विषाणूने एकेका प्रथिनाकडून दोन-दोन, तीन-तीन कामे करून घेतली आहेत.

दुसरा संदेश

पूर्ण कापलेले यंत्र दोन प्रकारचे धन धागे काढते. एक पूर्ण लांबीचा, जो नव्या विषाणूच्या पोटात जाईल. दुसरा आखूड, ज्यात फक्त शेवटच्या एक-तृतीयांश भागाची माहिती असते. या आखूड धाग्यावरून विषाणूच्या शरीराची प्रथिने तयार होतात. एका विषाणूकणाला कवचाच्या प्रथिनाच्या २४० प्रती लागतात. बाहेरच्या दोन मुख्य प्रथिनांच्याही प्रत्येकी २४० प्रती लागतात आणि त्यांचे मिळून ८० काटे बनतात. नकला काढणारी प्रथिने मोजकी पुरतात, शरीराची प्रथिने मात्र ढिगाने लागतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा संदेश, आणि तोही नंतर. घर बांधताना आधी पाया आखावा आणि मग विटांची गाडी मागवावी, त्यातलाच हा प्रकार.

चुका आणि त्यांचे परिणाम

एनएसपी-४ घाईने काम करते आणि लिहिलेले तपासून पाहत नाही. अशा विकरांकडून साधारणपणे दहा हजार अक्षरांमागे एखादी चूक होते. धागा सुमारे बारा हजार अक्षरांचा असल्याने जवळजवळ प्रत्येक नकलेत एखादा बदल संभवतो. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा विषाणूलाच घातक ठरतात. क्वचित एखादा लाभदायक ठरतो.

हिंदी महासागरातील रीयूनियन बेटावर २००५-०६ मध्ये असेच घडले. सुमारे पावणेआठ लाख लोकवस्तीच्या या बेटावर अंदाजे दोन लाख सहासष्ट हजार लोकांना चिकुनगुनिया झाला. तेथील विषाणूच्या एका बाह्य प्रथिनातील २२६ व्या स्थानी अ‍ॅलॅनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले होते. एवढ्या एका बदलामुळे तो एडिस अल्बोपिक्टस या जातीच्या डासात अधिक सहजपणे वाढू लागला. पुढे केरळातही हा बदल झालेला विषाणू आढळला. यात कोणाचा शाप नाही की कोप नाही. एक अक्षर चुकीचे लिहिले गेले आणि ते टिकले, एवढेच.

आपल्या हाती काय?

चिकुनगुनियाच्या विषाणूला थेट रोखणारे, सर्वमान्य असे औषध आजही उपलब्ध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात. वर वर्णिलेल्या यंत्रणेतील एकही भाग त्यांच्या आटोक्यात येत नाही. म्हणून या रोगात केवळ प्रतिजैविकाच्या सुईसाठी पैसे मोजणे व्यर्थ आहे. विश्रांती, भरपूर पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, हाच मुख्य उपचार. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा इतर तीव्र वेदनाशामके घेऊ नयेत, कारण डेंग्यूत त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

संशोधक मात्र नेमक्या याच यंत्रणेकडे लक्ष ठेवून आहेत. एनएसपी-२ ची कात्री बोथट करणारी आणि एनएसपी-४ ला अडविणारी द्रव्ये शोधण्याचे काम सुरू आहे. एनएसपी-३ चा एक तुकडा काढून विषाणू दुबळा करण्याच्या कल्पनेवर लसही तयार झाली. अमेरिकेने २०२३ साली तिला मान्यता दिली आणि गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींनंतर २०२५ साली तिचा परवाना स्थगित केला. जिवंत विषाणूचे नियंत्रण किंचित सैल करणे हे किती नाजूक काम आहे, हे यावरून ध्यानात यावे.

तोपर्यंत आपल्या हाती दुसरे वेळापत्रक आहे. विषाणूचे घड्याळ तासांचे आहे, तेथे आपला हात पोहोचत नाही. डासाचे घड्याळ दिवसांचे आहे. एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन आरोग्य खाते करते. सात दिवसांच्या आत पिंप, रांजण, टाकी रिकामी झाली तर डासाची पिढी पूर्णच होत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कोरड्या स्थितीतही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, भांडे आतून घासावे लागते. जी टाकी रिकामी करता येत नाही तिला घट्ट झाकण घालावे, हौदात गप्पी मासे सोडावेत. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या लहान मुलांना मच्छरदाणी हवीच.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. ज्या वस्तीत नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते, तेथील माणूस हौसेने पिंपे भरून ठेवत नाही. त्याला अस्वच्छ म्हणून हिणवणे हे अज्ञानाचेच दुसरे रूप आहे. साथ आली की सांधे धरून बसलेल्या मजुराचा रोजगार आठवडेच्या आठवडे बुडतो; काहींची सांधेदुखी महिनोन्‌महिने राहते. ज्याच्या घरात साठवण नाही त्याला पाणी नाही, आणि ज्याच्या घरात साठवण आहे त्याला डास. या कोंडीवर खरा उपाय नियमित पाणीपुरवठा हाच आहे, आणि तो मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. ग्रामसभेत आणि वॉर्डाच्या बैठकीत हा प्रश्न आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडला गेला पाहिजे. शिकून बाहेर पडलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज अशा बैठकांत बोलू शकतात. त्यांनी तेथे तो मांडावा, आणि घरी आठवड्याचा एक वार ठरवून मुलांसह पिंपे घासावीत.